तांब्यातल्या चिठ्ठ्या

॥ श्री ॥

तिलक नगर, जयपूर
चैत्र वद्य पंचमी, शके १९४७ (१८ एप्रिल २०२५)

ज्याच्या कृपेवाचून वाणीला अर्थ येत नाही आणि अर्थाला धीर येत नाही, त्या मोती डुंगरीच्या मंगलमूर्तीस वंदन करून हे पत्र आरंभितो.

चि. पवन यास अनेक आशीर्वाद.

तू आदर्श नगरात, मी तिलक नगरात. मध्ये रिक्षाची वीस मिनिटे. तरी पत्र लिहावे लागते, कारण माझा फोन तू उचलत नाहीस. बळवंत हे पत्र हातोहात आणून देईल. रेल्वेत माझ्याबरोबर तीस वर्षे काढली म्हणून तो मला काहीही बोलू शकतो. आताच म्हणाला, "गुरुजी, पाकिटावर लिहून देत जा ना, आत आशीर्वाद हाय का फटके. त्या हिशोबानं धरतो मी."

पाडव्याला गच्चीवर जे घडले त्याला एकोणीस दिवस झाले. प्लास्टर अजून तीन आठवडे राहील असे कळले. तरुण हाड आहे, जुळेल.

आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. तरीही ती तू कशी मोडलीस हे कळावे म्हणून पुन्हा सांगतो. पाडव्याच्या संध्याकाळी गुढी उतरली की घरातला प्रत्येकजण पुढच्या वर्षाचा एक संकल्प चिठ्ठीवर लिहून गुढीच्या तांब्यात टाकतो. तांब्याचे तोंड फडक्याने बांधून तो देवघरात ठेवतात. पुढच्या पाडव्याला सकाळी, जयपुरातली आपली मराठी मंडळी जमली की मी चिठ्ठ्या मोठ्याने वाचतो, ज्याची त्याला विचारतो, आणि "पुरा" किंवा "अपुरा" असे जाहीर करतो. मग तोच तांब्या काठीवर पालथा घालून गुढी उभी राहते. चाळीस वर्षांत या रीतीला गालबोट लागले नव्हते.

यंदा तुझी चिठ्ठी उघडली. "या वर्षी मी आईला माझ्या घरी नेईन. बाबांचा हात पोहोचेल अशा जागी तिला राहू देणार नाही." मी "बाबांचा" या शब्दाशी थांबलो. वीस माणसे बसली होती. उरलेले वाक्य तू उभा राहून पाठ म्हणून दाखवलेस, आणि वर म्हणालास, "अपुरा. मोठ्याने सांगा ना बाबा. अपुरा."

त्यानंतर गुढीची काठी उचलताना ती माझ्या हातून निसटली. हॉस्पिटलात तू स्वतः डॉक्टरांना हेच सांगितलेस, तेव्हा वाद उरत नाही.

तुझी आई कुशल आहे. गप्प असते. हाक मारली तर कधी ओ देते, कधी देत नाही. राग असावा. उतारवयात हट्ट वाढतो.

अक्षय्य तृतीयेला ये. ज्यांच्यासमोर पित्याचा अवमान केलास, त्यांच्यासमोर पायांवर डोके ठेव. मी क्षमा करीन. क्षमा हे धर्माचे लक्षण आहे.

तुझा पिता,
दशरथ

ता. क. साखरेच्या गाठी इथे मिळत नाहीत म्हणून तुझी आई दरवर्षी बत्ताशांची माळ ओवते. ती गच्चीवर फुटली होती. मुंग्या अजून जात नाहीत.


॥ श्री ॥

तिलक नगर, जयपूर
आषाढ पौर्णिमा (१० जुलै २०२५)

चि. पवन यास आशीर्वाद.

तुझी एका ओळीची चिठ्ठी मिळाली होती. "बाबा, काठी निसटली नाही. मतलब, निसटते ती एकदा. तीनदा नाही." मराठी लिहिताना तुझ्या हातून हिंदी सुटत नाही, हे मी शिकवले त्याचे फळ म्हणायचे. मी उत्तर दिले नाही.

आज उत्तर देतो, कारण आज तुझी आई तुझ्याकडे आली आहे. बदल म्हणून आली आहे. चार दिवसांनी परत पाठव.

झाले ते सांगतो. तिच्याकडून निराळे ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. आज गुरुपौर्णिमा. प्रवचनाला येणारी मंडळी दहा वाजता येणार होती. मी देवघरात बसलो होतो आणि ताम्हण हवे होते. ती माझ्या उजव्या हाताला, माझ्याकडे डावी कूस करून फुले निवडत होती. मी एकदा हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा मारली. तिने मान वर केली नाही. तीन महिने हेच चालले होते. मी स्वतः उठलो, ताम्हण घेतले, आणि ते तिला लागले. कपाळाला, केसांच्या रेषेशी. पितळेची कड धारदार असते. रक्त पुष्कळ आले, परंतु जखम खोल नव्हती.

दारावरची बेल वाजली. तिने कपाळाला फडके बांधले, वर पदर घेतला आणि आलेल्यांना पेढे दिले. साधनाबाईंनी विचारले, "कलावतीताई, काय झालं हो?" ती म्हणाली, "फडताळाचं दार लागलं." मी क्रोध आणि विवेक यांवर पाऊण तास बोललो. चांगले झाले, असे सगळे म्हणाले.

मंडळी गेल्यावर बळवंत मागे राहिला. त्याने तिला उजव्या बाजूला जाऊन काहीतरी विचारले. मग माझ्याकडे वळला.

"गुरुजी, वहिनीले डाव्या कानानं ऐकूच येत नाही. पाडव्यापासून. तुमाले मालूम नाही?"

मी म्हणालो, "मला कुणी सांगितले नाही."

"मारणाऱ्याले सांगाव लागते का?"

पवन, मला माहीत नव्हते, हे शपथेवर लिहितो. काठीचा तिसरा फटका तुला बसला अशीच माझी समजूत होती. ती केव्हा मध्ये आली हे मी पाहिले नाही.

ती बळवंतबरोबर निघाली. पिशवीत दोन लुगडी आणि जपमाळ. जिन्यात थांबून म्हणाली, "अहो, दूध सकाळी तापवून ठेवा, नाहीतर या उकाड्यात नासेल." एवढेच.

चांगल्या कानाच्या डॉक्टरांना दाखव. औषधपाणी झाले की तिला घरी पाठव. तिच्यावाचून या घराला घरपण नाही, हे मी मान्य करतो.

दशरथ


॥ श्री ॥

तिलक नगर, जयपूर
कार्तिक शुद्ध पंचमी (२६ ऑक्टोबर २०२५)

चि. पवन यास,

आशीर्वाद लिहिण्यास आज हात धजत नाही. पत्राच्या शेवटी कारण कळेल.

दिवाळीच्या आधी मी स्वतः घर झाडले. तुझ्या आईच्या कपाटात, गोधड्यांच्या खाली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. त्यात आपल्या चिठ्ठ्या होत्या. मी वाचून झाल्यावर त्या कुठे जातात, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता. तिने सगळ्या ठेवल्या आहेत, वर्षावर्षाच्या, दोरा बांधून.

मी त्या देवघरात बसून वाचल्या. सभेत वाचल्या तेव्हा ऐकणारे होते. या वेळी मी एकटाच ऐकणारा होतो.

तुझी आई, १९९३: "यंदा काचेच्या बांगड्या भरणार नाही. प्लास्टिकच्या भरीन." मला ती सकाळ आठवते. मी चिठ्ठी उंच धरून म्हणालो होतो, "पाहा, याला म्हणतात साधेपणा." टाळ्या झाल्या होत्या. पवन, ती चिठ्ठी लिहिण्याआधीच्या मार्गशीर्षात मी तिचे मनगट धरून तिला स्वयंपाकघरातून ओढत बाहेर आणले होते. आमटीत मीठ नव्हते. काच मनगटात रुतली होती आणि ती कंदिलाशी बसून चिमट्याने एकेक तुकडा काढत होती. हे मला कुणी समजावून सांगितले नाही. चिठ्ठी वाचली आणि चिमटा दिसला.

१९९६: "यंदा मोलकरीण ठेवणार नाही." मी म्हणालो, स्वावलंबन. त्या वर्षी तिचा डोळा महिनाभर काळानिळा होता आणि मोलकरीण सगळ्या गल्लीत बोलत असे.

१९९९: "यंदा माहेरी जाणार नाही." मी म्हणालो, संसारनिष्ठा. पाठीवर माझ्या पट्ट्याचे वळ होते. तिची आई न्हाऊ घालायला बसली असती, तर तिने ते पाहिले असते.

आणि तुझ्या. आठव्या वर्षी, वेड्यावाकड्या अक्षरांत: "मी यंदा बाबा ड्यूटीवरून येण्याआधी झोपेन." मी तुला मांडीवर घेऊन सभेला म्हणालो होतो, लवकर निजण्याची ही सवय प्रत्येक मुलाने लावून घ्यावी. तू मांडीवर ताठ बसला होतास. दहाव्या वर्षी: "मी यंदा आवाज न करता जेवीन." त्यालाही मी "पुरा" म्हटले. तू खरोखर आवाज न करता जेवत होतास. तुझ्या पुढ्यातले ताट मी भिंतीवर फेकले होते, गरम भातासकट, आणि तू खाली बसून शिते वेचलीस, तीही आवाज न करता.

हिंसा तीन प्रकारची, असे मी शिकवीत असे: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदन दिलेली. तिसऱ्या प्रकाराची उदाहरणे श्रोत्यांना सापडत नसत. माझ्या गच्चीवर ती उदाहरणे दरवर्षी सतरंजीवर बसत होती, आणि टाळ्या वाजवीत होती, कारण वाचणारा मी होतो.

डब्यात एकाच माणसाची चिठ्ठी नव्हती. माझी. चाळीस वर्षांत मी एकही संकल्प लिहिला नाही. वाचणाऱ्याने लिहायचे नसते, अशी माझी समजूत होती.

बळवंत आला तेव्हा मी डबा त्याच्यापुढे ठेवला. त्याने दोन चिठ्ठ्या वाचल्या आणि झाकण लावले. "आमच्या घरी बुद्धवंदना झाली की बुढी मले विचारते, आज काय चुकलं तुमचं? रोज विचारते. लय राग येते. पन विचारते." मग डबा माझ्याकडे सरकवून म्हणाला, "तुमाले कोनी विचारलंच नाही, गुरुजी. विचाराची कोनाची हिंमत होती?"

तुझी आई परत यावी असे मी मागच्या पत्रात लिहिले होते. ते वाक्य खोडून टाक.

दशरथ


॥ श्री ॥

तिलक नगर, जयपूर
फाल्गुन वद्य एकादशी (१५ मार्च २०२६)

चि. पवन यास, आणि त्याच्या हातून सौ. कलावती हिस,

चार दिवसांनी पाडवा. हे पत्र म्हणजेच माझी चिठ्ठी समजा. मंडळींना नेहमीप्रमाणे तिलक नगरच्या गच्चीवर बोलवा. मी तिथे असणार नाही. कलावतीने हे वाचावे, उभे राहून, मोठ्याने. तिने वर्षानुवर्षे माझा आवाज ऐकला. आता माझी अक्षरे तिच्या आवाजात लोकांनी ऐकावीत. तिची तयारी नसेल तर पत्र फाडून टाकावे. तोही तिचा अधिकार आहे.

सरत्या वर्षात मी काय केले ते प्रथम.

मागच्या पाडव्याला काठी निसटली नाही. ती भिंतीशी टेकलेली होती, तिला कलावतीचा लग्नातला शालू नेसवलेला होता, कडुलिंबाचा डहाळा आणि बत्ताशांची माळ बांधलेली होती. मी ती दोन्ही हातांनी उचलली. पहिला फटका पवनच्या खांद्यावर मारला. त्याने डोके वाचवण्यासाठी हात वर केला. दुसरा त्या हातावर मारला आणि हाड मोडल्याचा आवाज सर्वांनी ऐकला. मीही ऐकला. ऐकूनही तिसऱ्यांदा काठी उगारली. कलावती मध्ये आली. तिच्याच शालूत गुंडाळलेली काठी तिच्या डाव्या कानावर बसली. अनुश्री, माझी सात वर्षांची नात, समोर बसली होती. तिच्या ओंजळीत बत्ताशे होते.

तो कान मी फोडला, आणि त्या कानाने हाक ऐकली नाही म्हणून तीन महिन्यांनी तिचे कपाळ फोडले.

माघ महिन्यात मी पोलीस ठाण्यात गेलो. हॉस्पिटलच्या कागदांवर "काठी निसटून दुखापत" असे आहे, ते दुरुस्त करून घ्यावे म्हणून. ठाण्यातले गृहस्थ तरुण होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"बाबाजी, बेटे ने शिकायत की है?"

"नाही."

"माताजी ने?"

"नाही."

"तो फिर आप किसके ख़िलाफ़ लिखवा रहे हैं? अपने?" ते हसले, पण हसण्यात वाईटपणा नव्हता. "घर जाइए. इस उमर में भजन कीजिए."

मी म्हणालो, भजन चाळीस वर्षे केले. त्याचा परिणाम सांगायलाच आलो आहे. त्यांनी माझा अर्ज ठेवून घेतला. पुढे काही झाले नाही. पवन, तुला कधी पुढे न्यायचे असेल तर त्यावर माझी सही आहे. प्रत सोबत जोडली आहे.

आता जे लिहायचे नव्हते ते. मी बदललो, असे तुम्हांला वाटू नये. आठ दिवसांपूर्वी मंदिराच्या रांगेत एक मनुष्य मला ढकलून पुढे गेला, आणि मी त्याची कॉलर धरली. मूठ वर गेली होती. तो घाबरून म्हणाला, "अंकलजी, अंकलजी, सॉरी." माझ्या गळ्यात तुळशीची माळ होती, ओठांवर नाम होते, आणि मुठीला त्यातले काहीही ठाऊक नव्हते. चौऱ्याहत्तरावे वर्ष चालू आहे. हा हात माझ्याआधी मरणार नाही.

म्हणून मी चांगला होईन, असा संकल्प करीत नाही. असे संकल्प मी दुसऱ्यांकडून पुष्कळ करवून घेतले. माझा संकल्प मोजता येईल असा आहे.

आमेरला, बसथांब्याच्या वरच्या अंगाला, एका दुकानामागची खोली मी घेतली आहे. एक खाट, एक खिडकी. उद्या जातो. तिलक नगरचे घर कलावतीचे. किल्ली याच पाकिटात आहे. दुसरी किल्ली नाही. आतल्या कड्या मी तेल घालून सैल केल्या आहेत आणि बाहेरचे कुलूप नवे बसवले आहे. तिला पवनकडेच राहायचे असेल तर घर बंद राहो, परंतु ते तिच्या हाताने बंद राहो. मी बोलावल्यावाचून येणार नाही, आणि बोलावण्याची वाट पाहतो असे कधी कळवणार नाही. प्रवचन या वर्षापासून बंद. पोथ्या मी नेत आहे. त्या आता मला स्वतःलाच वाचून दाखवायच्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी पवनने लिहिले होते की, माझा हात पोहोचेल अशा जागी तो आईला राहू देणार नाही. त्याचा तो अपुरा राहिलेला संकल्प मी माझ्या नावावर घेतो. पुढच्या पाडव्याला "पुरा" की "अपुरा" हे कलावतीने सांगावे. तिला आठवेल, मी कधीही सबब ऐकून घेत नसे. तिनेही घेऊ नये.

काठी गच्चीच्या कोपऱ्यात उभी आहे. मी ती तोडली नाही. तोडण्यासाठी हात उगारावा लागला असता. शालू धुऊन घडी करून ठेवला आहे. डाग पुरता गेला नाही. गुढी उभारायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

बळवंत हे पत्र घेऊन निघाला आहे. पाकीट हातात तोलून म्हणाला, "आज जड हाय, गुरुजी. फटके हाय का आशीर्वाद?" मी म्हणालो, या वेळी फटके मला आहेत. तो बसला, चहा प्याला, आणि जाताना, इतक्या वर्षांत प्रथमच, मला गुरुजी न म्हणता म्हणाला, "चाल, दशरथ. आमेरले येत जाईन मी. रोज इचारीन."

त्यानेच सांगितले की, अनुश्रीला आता सवय झाली आहे. आजीला काही सांगायचे असले की ती आधी धावत उजव्या बाजूला येते आणि मग बोलते. तिला हे शिकवावे लागले नाही.

नव्या संवत्सराचे नाव पराभव आहे. नाव पंचांगाने ठेवले आहे. अर्थ मी माझ्यापुरता घेतला आहे.

आशीर्वाद देण्याचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही. म्हणून तो ज्याचा आहे त्याच्याकडे मागतो. हे जो वाचील, जी वाचील आणि जे ऐकतील, त्या सर्वांच्या घरी संध्याकाळी दाराची कडी वाजावी, घरचा मनुष्य आत यावा, आणि त्या आवाजाने आत कुणाचाही घास हातात थांबू नये. खेळणारे मूल खेळत राहो. काचेच्या बांगड्या वाजत राहोत.

दशरथ